फोनवरची ‘अटक’ आणि घरातली चुप्पी

व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा आणि दरडावणारा आवाज : “तुमच्या आधारवर खातं उघडून दहशतवाद्यांना पैसे गेलेत. कॅमेरा बंद करायचा नाही. घरात कोणाला सांगायचं नाही.” यालाच ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी हे स्पष्ट सांगितलं. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या फसवणुकीचा तपास सीबीआयकडे दिला. तरी लोक फसतातच.

आणि फक्त कमी शिकलेले फसतात असं अजिबात नाही. 2024 मध्ये वर्धमान समूहाचे एस. पी. ओसवाल यांना चक्क सुप्रीम कोर्टाची खोटी ऑनलाइन सुनावणी दाखवली गेली आणि त्यांचे सात कोटी रुपये गेले. वकिलांची फौज ठेवू शकणाऱ्या माणसाची ही गत, तर पेन्शनवर जगणाऱ्या आपल्या चाचांचं काय?

आपल्या घरांत ‘दहशतवाद’ हा शब्द ऐकला की हातपाय गळतात. त्याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. खरं-खोटं बाजूलाच राहतं, पहिला विचार येतो : मोहल्ल्यात कळलं तर? मुलीचं लग्न ठरलंय, मुलगा नोकरीच्या मुलाखती देतोय. मग अब्बा दार लावून बसतात, एफडी मोडतात, अम्मीलाही सांगत नाहीत. चोराला नेमकं हेच हवं असतं. “कोणाला सांगू नका” हेच त्याचं खरं हत्यार आहे. खोलीत दुसरा माणूस आला आणि त्याने दोन प्रश्न विचारले, की हे नाटक कोसळतं.

खऱ्या अटकेत हे लपवणं नसतंच. कायदा उलट सांगतो. अटकेचं कारण सांगावं लागतं, अटकेची खबर घरच्यांना किंवा मित्राला द्यावी लागते, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्येच सांगितलंय. आणि चौकशीसाठी ‘पैसे तपासायला’ कोणत्याही सरकारी खात्यात भरावे लागत नाहीत.

पैसे गेलेच तर रडत बसण्यात वेळ घालवू नका. लगेच 1930 ला फोन करा, बँकेला कळवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहा खात्यांत पळतो. तो पळण्याआधी तक्रार पोहोचली, तर रक्कम गोठवता येते. कॉलचे नंबर, मेसेज, पावत्या काहीच पुसू नका.

आता ही दहा खाती कोणाची, तेही बघू या. बरीचशी आपल्यासारख्यांच्याच पोरांची. पाच-दहा हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हातात देणारी. ‘खातं भाड्याने दिलंय, बस’ असं कॉलेजची मुलं अगदी सहज बोलतात. पण पोलीस पैशाच्या मागावर निघाले की सगळ्यात आधी त्याच खातेदाराच्या दारात येतात, आणि ती वर्दी खरी असते. दहावी-बारावीच्या सुट्टीत मुलांचं नवं खातं उघडाल, तेव्हा कार्ड कुठे आहे आणि खात्यात कोणाचे पैसे येतात, एवढं महिन्यातून एकदा त्यांच्यासोबत बसून बघत जा.