सायकल, बोजा आणि मागची जीप

मंडळी, पुतण्याचा मुलगा आणि त्याचे तीन मित्र येत्या डिसेंबरात अलिबागहून मालवणला सायकलने निघणार आहेत, रेवस-रेड्डी सागरी महामार्गाने. त्याने सामानाची यादी दाखवली. प्रत्येकी जेमतेम पाच किलो! मी खूश. मग कळलं, मागून एक जीप येणार आणि तंबू, कपडे, खाऊ, पाण्याचे कॅन सगळं तिच्यात. याला हलकं सामान म्हणायला मी तयार नाही. बोजा आहे तेवढाच आहे, फक्त तो डिझेलवर टाकलाय.

निवृत्तीनंतर मी हा रस्ता सायकलने केलाय, म्हणून बोलतो. नकाशात तो समुद्राला लागून सरळ दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीपाशी उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढायचं. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलात की चढ, तवसाळहून जयगडला गेलात की तिथेही तेच. अशा चढावर कॅरियरवरचा जास्तीचा टॉवेलसुद्धा जाणवतो. म्हणून टर्किश टॉवेल घरी ठेवावा, पंचा न्यावा. रात्री पिळून टाकला की सकाळी वाळलेला. सुती सदऱ्याचं दमट हवेत तसं होत नाही. खादीवर माझं कितीही प्रेम असलं तरी तिथे टेरिकॉटच बरं. कपड्यांचे जोड दोनच. एक अंगावर, एक दोरीवर.

माझी कसोटी साधी आहे. गुहागरच्या बाजारात जे मिळतं ते नेऊ नये, जे मिळत नाही ते विसरू नये. साबण, केळी, डोकेदुखीची गोळी मिळते. पण या मुलांच्या सायकलींना ७०० सी मापाचे बारीक टायर. गावातल्या सायकलवाल्याकडे बहुधा काळ्या सायकलची २८ इंची ट्यूब असते. ती यात मावत नाही, व्हॉल्व्हही वेगळा. तेव्हा दोन ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान हवंच. आणि पाणी! भर दुपारी सड्यावर सावली शोधून सापडत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, पण इथे कंजुषी नको. वजन वाचवायला टूथब्रशचा दांडा कापणारे बहाद्दर असतात म्हणे. त्यांनी कापावा खुशाल, बाटली मात्र भरून घ्यावी.

असो. जीपबद्दल सूनबाईंची काळजी मला समजते. पण मुलं मोठी आहेत, खिशात फोन आहेत, वाटेत दवाखाने आहेत. मागे जीप असली की संध्याकाळी कुणाच्या अंगणात जाऊन "काकू, पडवीत पथारी टाकू का?" असं विचारायची गरजच उरत नाही. माझ्या त्या प्रवासातले चढ आता पुसट झालेत, पण अशा दोन-तीन पडव्या लख्ख आठवतात. अर्थात कमी सामान नेणारा दुसऱ्याच्या चुलीवर आणि विहिरीवर विसंबतो, हेही खरं. ते फुकट नसावं. मुलांनो, ज्यांच्या पडवीत झोपाल त्यांच्याकडेच जेवा आणि सांगतील त्याहून थोडे जास्तच पैसे द्या. जीपच्या डिझेलचे वाचलेले असतीलच.