भावाची धाव, राजपुत्राची उडी

काशीच्या अमृतराव घाटावर उन्हाळ्याच्या संध्याकाळी जरा वेळ बसावे. पेशव्यांच्या घराण्यातल्या अमृतरावांच्या नावाचा हा घाट आता राजाघाट म्हणूनही ओळखला जातो. पायऱ्यांवरून पोरे गंगेत उड्या घेत असतात. एखाद्याकडे नीट पाहिले तर कळते, उडी काही हवेत सुरू होत नाही. आधी दोन पावले धाव, मग गुडघे वाकतात, हात मागे जातात आणि मग कुठे अंग पायरी सोडते.

घरच्या संगणकावरच्या खेळांना बरीच वर्षे नेमके हेच जमत नव्हते. बटण दाबले की नायक ठोकळ्यासारखा टुणकन वर जाई आणि तसाच खाली येई. १९८९ साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आला आणि पांढऱ्या कपड्यांतला एक राजपुत्र खराखुरा माणूस धावावा तसा धावू लागला. थांबताना त्याचा तोल जाई, कड्याला तो बोटांनी लोंबकळे. कैदेतल्या राजकन्येला सोडवायला त्याच्या हाती अवघा एक तास असे. नव्वदीत ज्यांनी वडिलांच्या ऑफिसात किंवा कॉम्प्युटर क्लासमध्ये फ्लॉपीवरून हा खेळ खेळला, त्यांना जमिनीतून वर येणारे भाले अजून आठवत असतील.

ही करामत कोणा मोठ्या स्टुडिओची नव्हती. ती होती जवळजवळ घरगुतीच. खेळ रचणारा जॉर्डन मेकनर १९८५ साली एकवीस वर्षांचा होता. कॉलेजात असतानाच केलेला त्याचा 'कराटेका' हा खेळ १९८४ मध्ये गाजला होता. नव्या खेळासाठी त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले आणि न्यूयॉर्कजवळच्या आपल्या गावी गाड्या उभ्या करण्याच्या मोकळ्या जागेत पळवले, उड्या मारायला लावल्या, भिंतीवर चढवले. मग व्हिडिओ कॅसेट एकेक चित्र थांबवत टीव्हीवर लावायची, साध्या कॅमेऱ्याने त्या पडद्याचा फोटो काढायचा, फोटो धुऊन आणायचे, काळ्या मार्करने आणि व्हाइटनरने आकृती ठळक करायची, झेरॉक्स काढायची आणि ती संगणकात उतरवायची. चार वर्षे लागली. तलवारबाजीसाठी मात्र भाऊ कमी पडला. तिथे १९३८ च्या 'रॉबिन हूड' चित्रपटातले एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन कामाला आले. त्यांच्या द्वंद्वात दोघे बाजूने स्पष्ट दिसतात ते काही सेकंद त्याने तसेच उचलले.

मूळ खेळ अ‍ॅपल टू या संगणकासाठी होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही मावणार नाही इतकी त्याची स्मृती. राजपुत्राच्या हालचालींनीच ती भरून गेली, शत्रूला जागाच उरली नाही. सहकारी टोमी पिअर्स मात्र लढाई हवीच म्हणून हटून बसली. शेवटी मेकनरने राजपुत्राचीच चित्रे एका ठिपक्याने सरकवून एकमेकांवर बसवली आणि चमचमती सावली तयार झाली. जास्तीचे चित्र एकही लागले नाही. राजपुत्र आरशातून झेप घेतो तेव्हा ती बाहेर पडते, पुढे त्याचे औषध पिऊन टाकते, तोंडावर दार बंद करते. शेवटी तिच्यावर वार करावा तर आपलेच आयुष्य कमी होते! तलवार म्यान केली तरच वाट मिळते. अडचणीतून निघालेली ही युक्ती खेळातला सर्वांत देखणा प्रसंग ठरली.

अमेरिकेत सुरुवातीला खेळ फारसा खपला नाही, कारण अ‍ॅपल टूचेच दिवस भरत आले होते. पुढे इतर संगणकांवर तो गेला, तेव्हा कुठे नाव झाले.

वडिलांचाही यात हात होता. फ्रान्सिस मेकनर पेशाने मानसशास्त्रज्ञ. खेळाचे संगीत त्यांचे. आणखी एक काम त्यांनी नकळत केले. मूळ प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या हरवल्या असे जॉर्डन अनेक वर्षे धरून चालला होता. २०१२ साली वडिलांच्या घरी कपाटाच्या तळाशी एका खोक्यात त्या सापडल्या. वीस-बावीस वर्षांच्या फ्लॉपीवरचा मजकूर टिकेलच याची खात्री नसते. जाणकारांना बोलावून त्या वाचून घेतल्या आणि एप्रिलमध्ये मेकनरने तो प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला.

आज पुन्हा खेळायला बसले की पहिल्यांदा चिडचिड होते. बटण सोडले तरी राजपुत्र लगेच थांबत नाही, आणखी पाऊल टाकतो आणि खड्ड्यात जातो. आताच्या मुलांना हा दोषच वाटेल. पण डेव्हिडही धावताना असा एकदम थांबू शकत नव्हता. त्याच्या त्या जास्तीच्या पावलाचा अंदाज घेत, दोन फरशा आधीच बटण सोडायला शिकावे लागते.