दहावीनंतरची सुट्टी

दहावीची परीक्षा संपते, वसतिगृह रिकामे होते. अकरावी विज्ञानशाखेत कॅल्क्युलस भेटणार म्हणून होतकरू विद्यार्थी सुट्टीत स्वाध्यायास बसतात आणि थेट अवकलनाची सूत्रे पाठ करू लागतात. आम्हांस हे उचित वाटत नाही. क्ष जसजसा २ च्या जवळ जाईल, तसतशी (क्ष² − ४) ÷ (क्ष − २) ही राशी कोठे जाते? क्ष च्या जागी २ घालताच शून्य भागिले शून्य! अंशाचे अवयव पाडले की उत्तर ४. म्हणजे अडते ते आठवी-नववीच्या बीजगणितात. घरी विचारायला कोणी नसलेला मुलगा मात्र स्वतःलाच मंद समजून शाखा सोडतो. म्हणून निरोपसमारंभानंतर शाळेने बीजगणिताची जुनी पुस्तके परत मागू नयेत आणि पालकांनी वह्याही जपाव्यात. रद्दीवाला तोवर दारात आलेलाच असतो.