निळा खडा घेताना



उसाचे बिल जमा झाले किंवा डाळिंबाची बाग चांगली गेली की घरात चार पैसे खेळू लागतात. मग सोसायटीचे देणे, विहिरीवरची मोटार, मुलीचे लग्न असे विषय निघतात. त्यातच कोणीतरी सुचवतो, "साडेसाती चालू आहे, यंदा एक नीलम करून घाला." बारामती आणि इंदापूर तालुक्यांत फिरताना अशा निळ्या खड्यांच्या अंगठ्या मला बऱ्याच बोटांत दिसतात. विचारले तर किंमत सगळ्यांना तोंडपाठ असते, पण खडा कशाचा, हे फार थोड्यांना सांगता येते.

खडा घालावा की घालू नये, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. त्यात मी पडत नाही. पण खरेदी ही खरेदीच. बियाण्याची पिशवी आपण लेबल वाचून घेतो, मग खडा नुसत्या रंगावर का घ्यावा?

पहिली गोष्ट ही की निळा रंग म्हणजे एकच पदार्थ नव्हे. बोर्डो मिश्रणासाठी आपण मोरचूद आणतो. त्याचा निळेपणा तांब्याचा. पिरोजा या खड्यातही तांबेच असते. नीलमचा रंग मात्र लोह आणि टायटॅनियम यांच्या अंशामुळे येतो. धुण्याची निळीची पूड बहुधा अल्ट्रामरीनची असते. लाजवर्द नावाच्या दगडाला निळे करणारा पदार्थही तोच, फक्त तो खाणीत तयार झालेला. तेव्हा रंगावरून दगड ओळखायला जाणे म्हणजे नुसत्या हिरवेपणावरून पीक ओळखण्यासारखे आहे.

दगडाची खरी ओळख त्याच्या कठीणपणात आहे. त्यासाठी १ ते १० अशी मोजणी आहे. शंखजिरे १, हिरा १०. आपले नख अडीचच्या आसपास, काच साडेपाच, आणि वाळूतला चकाकणारा स्फटिकाचा कण ७. हा ७ आकडा लक्षात ठेवा. शेतातल्या, रस्त्यावरच्या धुळीत असे कण असतातच. ज्या खड्याचा कठीणपणा ७ पेक्षा कमी, तो रोजच्या कामात धुळीने घासून मंद पडतो. मातीत हात घालणाऱ्या माणसाने हे आधी पाहावे.

आता खडे एकेक घेऊ.

नीलम हा कुरुंदाच्या जातीचा, म्हणजे माणकाचा सख्खा भाऊ. कठीणपणा ९, आणि आकाराच्या मानाने हाताला जड. काश्मीरमध्ये पाडर भागात १८८१ च्या सुमारास दरड कोसळून त्याची खाण उघडी पडली. तिथल्या मखमली निळ्या नीलमची ख्याती आजही आहे, पण तो माल आता अगदी दुर्मिळ. बाजारात येतो तो बहुतेक श्रीलंका, मादागास्कर अशा देशांतला. त्यातला पुष्कळसा तापवून रंग सुधारलेला असतो. तापवणे ही मान्य रीत आहे, पण ती सांगून विकायला हवी.

पुष्कराजाच्या जातीचा निळा खडा, ज्याला बाजारात ब्लू टोपाज म्हणतात, त्याचा कठीणपणा ८. तो दिसतो स्वच्छ आणि नीलमपेक्षा खूप स्वस्त असतो. मूळचा रंगहीन खडा किरणोत्सर्गाने आणि उष्णतेने निळा केलेला असतो. आपटला तर सरळ चिरतो.

ॲक्वामरीन हा पाचूच्या जातीचा. रंग उथळ समुद्राच्या पाण्यासारखा फिका, कठीणपणा साडेसात ते आठ. आपल्या देशात तमिळनाडू आणि ओडिशात तो सापडतो.

आयोलाइट हा नीलमऐवजी नीली म्हणून दिला जातो. कठीणपणा ७ च्या थोडा वर. तो फिरवून पाहा. एका बाजूने जांभळट निळा, तर दुसऱ्या बाजूने पाण्यासारखा फिका दिसतो. नीलमच्या भावात तो मात्र घेऊ नका.

टांझानाइट १९६७ साली टांझानियात सापडला. रंग सुंदर, पण कठीणपणा ६ ते ७. कानात चालेल, कामाच्या हातात नको.

लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला निळा रंग याच दगडाच्या पुडीचा. कठीणपणा पाच-साडेपाच. पिरोजा पाच ते सहा; शिवाय तो तेल, घाम, साबण शोषून घेतो आणि हिरवट पडतो. भांडी घासताना, धारा काढताना हे दोन्ही काढून ठेवावेत.

आता तुम्ही विचाराल, आपल्या भागात काही निळे निघत नाही का? निघते. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो थंड होताना आत हवेचे बुडबुडे राहिले आणि पुढे त्या पोकळ्यांत खनिजांचे स्फटिक वाढले. विहीर खोदताना छिद्राळ खडकात पांढऱ्या, गुलाबी गारा निघतात त्या याच. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत अशा पोकळ्यांत गर्द निळे कॅव्हनसाइट मिळाले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांवरून त्याचे नाव पडले. जगभरचे संग्राहक वाघोलीचे नाव घेतात ते त्याच्यामुळे. पण त्याचा कठीणपणा ३ ते ४. बोटात घातला तर आठवड्यात भुगा होईल. तो कपाटात ठेवून पाहण्याचा दगड आहे. अशी खनिजे पाहायची तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मुलांना जरूर न्या. मात्र विहिरीतल्या गारा कोणी नीलम म्हणून विकू लागला तर हात जोडून वाटेला लावा. आणि गारा वेचायला पोरांना सुरुंगाच्या विहिरीत उतरू देऊ नका. न उडालेला एखादा सुरुंग कोणत्याही रत्नापेक्षा महाग पडतो.

आता पारखीच्या गोष्टी. नीलम दुधात टाकला की दूध निळे दिसते, असे सांगतात. निळ्या बाटलीची काचही तेच करते. खडा घासून पाहणेही नको. चांगला खडा खराब होईल. साध्या भिंगातून आत गोल बुडबुडे दिसले तर काच किंवा कारखान्यातला खडा समजा. पण बुडबुडे दिसले नाहीत म्हणून खरा असेही नाही. नीलम कारखान्यात बनवण्याची विद्या शंभर वर्षांहून जुनी आहे. तो रसायनाने खऱ्यासारखाच असतो, कठीणही तितकाच. त्याला डोळ्याने ओळखणे तुमच्या-माझ्या आवाक्यातले नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियात अशी तपासणी होते. पुष्कळ घरांत नीलम तीन दिवस उशीखाली ठेवून पाहण्याची चाल आहे. माझे म्हणणे, ते दिवस आधी प्रयोगशाळेला द्या, उशीचे नंतर पाहू.

प्रमाणित बियाण्याला निळे लेबल असते, तसे खड्याला प्रमाणपत्र हवे. त्यात खडा नैसर्गिक की बनवलेला, त्यावर कोणती प्रक्रिया झाली, वजन किती, हे लिहिलेले असावे. "कागदाचे काय, आमच्यावर विश्वास नाही का?" असे दुकानदार म्हणाला तर दुसरे दुकान पाहा. अंगठीवरचा हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. खड्याविषयी तो काहीच सांगत नाही.

वजनातही फसगत होते. सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता, खड्याचा कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम वजन. रत्ती सगळीकडे एक नाही. गुंजेच्या हिशेबाने ती साधारण १२१ मिलिग्रॅमची, पण खड्यांच्या धंद्यात १८० च्या आसपासचीही चालते. म्हणजे सव्वापाच रत्तीचा खडा एकाकडे जेमतेम सव्वातीन कॅरटचा, तर दुसऱ्याकडे पावणेपाचाचा. म्हणून भाव कॅरटवर विचारा आणि वजन मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन वेगळे आणि खड्याचे वेगळे असावे. नाहीतर दगडाचेही पैसे सोन्याच्या भावाने जातात.

शेवटचे आणि महत्त्वाचे. अडीअडचणीला सोने बँकेत गहाण पडते. खड्याचे वजन तिथे वजा करतात. घेतलेला खडा परत विकायला गेलात तर निम्मे पैसेही येतील याची खात्री नसते. म्हणून खडा ही शिल्लक समजू नका, तो खर्च आहे. हौसेचा असो वा श्रद्धेचा, खर्च बेताने करावा. कर्ज काढून, ठिबकचे किंवा मुलांच्या फीचे पैसे वळवून नीलम घेऊ नये. घ्यायचाच झाला तर घरच्या बाईला बरोबर न्या, दोन दुकाने पाहा, पक्की पावती आणि प्रमाणपत्र हातात आल्यावरच पैसे मोजा. ही सगळी कागदपत्रे सातबाऱ्याच्या फायलीतच ठेवा.