चांदीवरचा हिशोब



गणेश चतुर्थी जवळ आली की आपल्या घरची आजी चांदीचे निरंजन घासून चकचकीत करते. चांदी गुळगुळीत असावी, हीच आपली समजूत. पण शास्त्रज्ञांनी ती मुद्दाम खरखरीत केली आणि त्यातून एक मोठा शोध लागला. त्या शोधात आम्हा शिक्षकांना आणि आई-वडिलांना घेण्यासारखा एक धडा आहे, म्हणून आज हा विषय.

१९२१ साली सर चंद्रशेखर वेंकट रामन बोटीने प्रवास करीत असताना भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून विचारात पडले. आपण बेटावरची माणसे रोजच निळा समुद्र पाहतो, पण असा प्रश्न आपल्याला पडत नाही. त्या विचारातून पुढे १९२८ साली कलकत्त्यात त्यांना दिसले की पदार्थावर पडलेला थोडा प्रकाश रंग बदलून बाहेर येतो. त्या बदललेल्या रंगावरून पदार्थाचा रेणू ओळखता येतो. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण एकच होती. प्रकाशाच्या कोटीभर कणांपैकी जेमतेम एखादाच असा रंग बदलतो.

१९७४ साली इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांनी खरखरीत केलेल्या चांदीवर पिरिडीन नावाचा पदार्थ बसवला, तेव्हा ही खूण फार ठळक दिसली. त्यांनी कारण दिले : पृष्ठभाग वाढला, म्हणून जास्त रेणू बसले. उत्तर शहाणपणाचे होते. आम्ही तपासनीस असतो तर पूर्ण गुण दिले असते.

अमेरिकेत शिकागोजवळ इव्हन्स्टन गावी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे. तिथे रिचर्ड व्हॅन डाइन आणि त्यांचे विद्यार्थी जीनमेअर यांनी साधा प्रश्न विचारला : किती? रेणू मोजले, प्रकाश मोजला. खूण एक ते दहा लाख पटींच्या घरात वाढली होती. चांदी कितीही खरखरीत केली तरी तिच्यावर इतके रेणू मावणार कसे? १९७७ साली त्यांनी हा हिशोब छापला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केंट येथील अल्ब्रेक्ट आणि क्रेटन हेही याच निष्कर्षाला आले.

मग खरे कारण कोणते? एका पक्षाने म्हटले, खरखरीत चांदीतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावतात आणि जवळचा प्रकाश बळावतो. दुसऱ्याने म्हटले, धातूतला इलेक्ट्रॉन क्षणभर रेणूत जातो व परत येतो, आणि तेवढ्यात रेणूला हिसका बसतो. बरीच वर्षे वाद चालला. आज मानले जाते की दोन्ही खरे आहे. मोठा वाटा पहिल्याचा, तर दुसऱ्याने साधारण दहा ते शंभर पटींची भर पडते.

ही ये-जा किती वेगाची? सेकंदाचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा कोटी भाग करा. त्याला फेम्टोसेकंद म्हणतात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा केसाच्या जाडीचा शंभरावा भाग ओलांडत नाही. २०११ साली नॉर्थवेस्टर्नमध्येच रेने फ्रॉन्टिएरा यांनी व्हॅन डाइन यांच्याबरोबर सोन्याच्या सूक्ष्म कणांवर इतक्या क्षणिक प्रकाशाने रेणूंची कंपने टिपली. व्हॅन डाइन २०१९ साली वारले, काम मात्र चालू आहे.

कोणी विचारील, याचा उपयोग काय? शिकागोच्या कलासंग्रहालयात रेन्वार यांचे १८८३ सालचे एका बाईचे चित्र आहे. त्याची पार्श्वभूमी फिकट झाली होती. याच पद्धतीने रंगाचा अगदी बारीक कण तपासला, तेव्हा तो किड्यांपासून काढलेला लाल रंग निघाला. चित्र मुळात किती लालभडक होते, ते २०१४ साली लोकांना कळले.

आता आमची चूक सांगतो. वर्गात आम्ही विचारले, साखर गरम पाण्यात लवकर का विरघळते? मुलाने उत्तर दिले, पाणी गरम म्हणून. आम्ही शाबास म्हटले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "किती लवकर, गुरुजी?" आम्ही तिला खाली बसवले, कारण परीक्षेत तो प्रश्न येत नाही. तोच प्रश्न इव्हन्स्टनमध्ये विचारला गेला, म्हणून जगाला नवी विद्या मिळाली.

म्हणून आमचे मत असे की आपल्या मुलांच्या परीक्षेत पाठ केलेल्या कारणाला अर्धेच गुण असावेत, उरलेले हिशोबाला. हे बदलायला वेळ लागेल. पण घरी पालकांनी आजच सुरुवात करावी. मुलाने "का" सांगितले की मराठीतच विचारावे, "किती?" घड्याळ, दोन पेले आणि चमचाभर साखर एवढे साहित्य प्रत्येक घरी आहे. आपली मराठी आरतीपुरती आणि सणापुरती उरली, अशी खंत आपण करतो. तिच्यात मोजमाप आणि वाद होऊ लागले, तर ती मुलांच्या रोजच्या कामाची भाषा होईल.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी पेले आणायला सांगितले. उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. सगळ्या वर्गाने मिळून मोजले.