विश्लेषण : ओपीडीची रांग हा अभ्यासाचा विषय कसा झाला?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले. केसपेपरचे शुल्क गेले, पण खिडकीपुढची रांग राहिली. ही रांग मोजणे हा आरोग्य प्रशासनाच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रकल्पांपैकी एक. त्यातून काय साधते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याविषयी…

आरोग्य प्रशासनात काय शिकवतात?

रुग्णाला काय झाले आहे हे डॉक्टर पाहतात. तो डॉक्टरांपर्यंत किती वेळात पोहोचला, औषध साठ्यात होते का, खाट कधी रिकामी झाली, हे पाहणे प्रशासनाचे काम. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुण्यातील सिम्बायोसिस आदी संस्थांत रुग्णालय व्यवस्थापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. एमबीबीएस नसलेले पदवीधरही या क्षेत्रात येतात.

पहिला प्रकल्प कसा असतो?

विषय लहान ठेवला जातो. उदाहरणार्थ, एका ओपीडीत रुग्णाचा वेळ कुठे जातो? विद्यार्थी केसपेपर खिडकी, डॉक्टरांची खोली, प्रयोगशाळा आणि औषध खिडकी अशा प्रत्येक टप्प्यावर वेळ टिपतात. त्यासाठी रुग्णाचे नाव किंवा आजार नोंदवायची गरज नसते, टोकन क्रमांक पुरतो. रुग्णालयाची लेखी परवानगी मात्र आधी घ्यावी लागते. प्रात्यक्षिक कामात एका श्रेयांकाला ३० तास धरले जातात. म्हणजे दोन श्रेयांकांच्या प्रकल्पाला ६० तास मिळतात. एवढ्या वेळात रुग्णालय सुधारत नाही, पण अडचण कुठे आहे हे दाखवता येते.

मोजणीतून काय कळते?

यामागे साधे गणित आहे. तासाला सरासरी ६० रुग्ण येत असतील आणि प्रत्येकाला सरासरी दोन तास लागत असतील, तर ओपीडीत कोणत्याही वेळी सुमारे १२० रुग्ण असतात. तोच वेळ दीड तासावर आला तर गर्दी ९० वर येते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम जगभर वापरला जातो. वेळ कमी करायला दर वेळी नवा डॉक्टर लागतोच असे नाही. डॉक्टर वॉर्डातील राउंड संपवून ओपीडीत येईपर्यंत रांग वाढत असेल, तर वेळापत्रक बदलावे लागते. नोंदणीच्या खिडकीवर वेळ जात असेल, तर तिथला उपाय वेगळा. क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडी नोंदणी करण्याची सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीतून सुरू झाली ती याचसाठी. पण खिडकीवरचा वेळ वाचून रुग्ण डॉक्टरांच्या दाराशीच ताटकळणार असेल, तर रांग फक्त जागा बदलते.

रांग म्हणजे नेहमी नियोजनाचाच दोष?

नाही, आणि इथेच खरी परीक्षा असते. तासाला ६० रुग्ण येतात आणि उपलब्ध डॉक्टर ५०च तपासू शकतात, अशी स्थिती असेल तर रांग दर तासाला दहाने वाढणार. खुर्च्या, फलक, टोकन यंत्र यांनी ती कमी होत नाही. तिथे मनुष्यबळच हवे. रिक्त पदांमुळे लागलेल्या रांगेला ‘व्यवस्थापनाचा प्रश्न’ म्हणणे म्हणजे जबाबदारी झटकणे, आणि नियोजनाच्या चुकीला ‘डॉक्टर कमी’ म्हणणे ही सोयीची सबब. दोन्हींतला फरक आकड्यांनीच दाखवता येतो.

शिकलेल्यांना सरकारी व्यवस्थेत जागा आहे का?

जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक असतात, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची धुरा अधिष्ठात्यांकडे असते. दोघेही डॉक्टर. रुग्णसेवा सांभाळून निविदा, साठा, मनुष्यबळ यांचाही भार त्यांच्यावर येतो. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये राज्यांत सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन संवर्ग उभारण्याची शिफारस केली. केंद्राने २०२२ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत तज्ज्ञ, सार्वजनिक आरोग्य, आरोग्य व्यवस्थापन आणि अध्यापन असे चार संवर्ग सुचवले आहेत. मात्र आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने पदे निर्माण करण्याचा निर्णय राज्यांच्याच हाती आहे.

मग अशा प्रकल्पाचा उपयोग कधी होईल?

अहवाल केवळ गुणांसाठी महाविद्यालयात जमा झाला, तर रुग्णालयाला त्याचा उपयोग शून्य. तो रुग्णालय प्रमुखांसमोर मांडला गेला, एखादा बदल करून पाहिला गेला आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीने त्याच ओपीडीत पुन्हा वेळ मोजला, तर बदलाचा परिणाम कळेल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. रुग्णालयात अहवाल वाचून त्यावर निर्णय घेणारी जबाबदार व्यक्ती मात्र लागते. रोजंदारी बुडवून सकाळपासून रांगेत उभ्या राहणाऱ्या रुग्णासाठी वाचलेला अर्धा तासही लहान नसतो.