पंगत वेगळी ठेवून समेट होत नाही

काही वर्षांपूर्वी तामिळनाडूतल्या एका गावात ख्रिस्ती दफनभूमी पाहिली. मधोमध छातीएवढी भिंत. एका बाजूला सवर्ण ख्रिस्ती, दुसऱ्या बाजूला दलित ख्रिस्ती. क्रूस दोन्हीकडे सारखाच. सोबतच्या फादरांना भिंतीबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, “जुनी गोष्ट आहे ती. जखमा उकरण्यापेक्षा आम्ही समेटावर भर देतो.” भिंतीला मात्र नुकताच रंग दिलेला होता.

समेट हा ख्रिस्ती धर्मातला मोलाचा शब्द आहे. म्हणूनच तो कोण उच्चारतं आणि कशासाठी, हे तपासायला हवं. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चचा इतिहास जातीअंताच्या चळवळीतल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. तिथला वर्णभेद कायद्यात येण्याच्या कितीतरी आधी चर्चच्या पंगतीत आला होता.

ही पंगत म्हणजे प्रभुभोजन. येशूच्या अखेरच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी एकत्र भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. 1829 साली केपमधल्या या चर्चच्या सिनॉडने ठरवलं होतं की प्रभुभोजनात रंगावरून भेद करायचा नाही. पण काळ्या माणसाशेजारी बसायला अनेक गोऱ्यांची तयारी नव्हती. अखेर 1857 च्या सिनॉडने वाट काढली. सर्वांनी एकत्र उपासना करणं हेच बायबलला धरून आहे, हे मान्य केलं. पण ‘काहींच्या दुबळेपणामुळे’ अडचण येत असेल तिथे वेगळ्या इमारतीत उपासना करायला मुभा दिली.

दुबळे कोण होते? पंगतीला बसायला नकार देणारे गोरे. आणि वेगळ्या इमारतीत कोण गेलं? काळे आणि मिश्रवंशीय ख्रिस्ती. आपल्याला हा न्याय ओळखीचा आहे. विटाळ सवर्णाच्या मनात, पण गावकुसाबाहेर राहायचं ते आपण.

सवलतीची पुढे व्यवस्था झाली. 1881 साली मिश्रवंशीयांसाठी वेगळं मिशन चर्च निघालं, नंतर आफ्रिकनांसाठी वेगळी चर्चेस. मग या वेगळेपणाला धर्मशास्त्र जोडलं गेलं: वंश देवानेच वेगळे केले, त्यांनी वेगळंच राहावं. 1948 साली वर्णभेदाचं राजकारण घेऊन सत्तेवर आलेले पंतप्रधान डी. एफ. मलान हे याच चर्चचे माजी पाळक होते. आधी पंगत वेगळी होते, मग तिच्यासाठी शास्त्र लिहिलं जातं.

याला उत्तर बाहेर काढलेल्यांनीच दिलं. 1982 साली ओटावा इथे रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाचं धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचं जाहीर केलं आणि अशा चर्चेसचं सदस्यत्व स्थगित केलं. मिश्रवंशीय पाळक ॲलन बोसाक त्याच बैठकीत संघटनेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी मिशन चर्चने केपटाउनजवळच्या बेल्हार इथे आपला विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर मांडणी, तयार केली. 1986 साली ती अधिकृत झाली. तिचे मुद्दे तीन: चर्चचं ऐक्य, समेट आणि न्याय. देव अन्याय झालेल्यांच्या बाजूने उभा आहे, म्हणून चर्चनेही तिथेच उभं राहावं, असं तिथे स्पष्ट मांडलं आहे. न्याय वगळला तर समेट म्हणजे पीडिताला गप्प बसण्याचा हुकूम ठरतो.

नोव्हेंबर 1990 मध्ये रुस्टेनबर्गच्या परिषदेत डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मशास्त्रज्ञ विली याँकर उभे राहिले. वर्णभेदातल्या स्वतःच्या आणि आपल्या चर्चच्या पापाची त्यांनी कबुली दिली. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी ती तिथेच स्वीकारली. याँकर यांच्या धैर्याला मी कमी लेखत नाही. पण आमच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार टुटूंना कोणी दिला, हा काही काळ्या प्रतिनिधींचा सवालही मला तितकाच रास्त वाटतो.

खरी परीक्षा पुढे झाली. 1994 साली मिशन चर्च आणि आफ्रिकनांचं चर्च एकत्र आलं. गोऱ्यांच्या चर्चशी एकीकरण मात्र अजून झालेलं नाही. बेल्हारची मांडणी आपल्या श्रद्धेचा भाग करण्याचा प्रस्ताव त्या चर्चमध्ये आला, पण विभागीय सिनॉडांत आवश्यक तेवढी मान्यता त्याला मिळाली नाही. माफी मागता आली; ज्यांची माफी मागितली त्यांनी लिहिलेल्या अटींवर सही करता आली नाही.

आता आपल्याकडे बघू. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे त्यात मान्य केलं. 2022 साली अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. या गोष्टींचं स्वागतच आहे. पण धोरण दिल्लीत आणि भिंत गावात, अशी स्थिती राहणार असेल तर ही आपली 1990 ची माफी ठरेल.

शिवाय इथे राज्यसंस्थाही सामील आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान आजही बाहेर आहेत. ‘ख्रिस्ती धर्मात जात नाही’ हे वाक्य सरकार हक्क नाकारायला वापरतं आणि सवर्ण ख्रिस्ती भिंत लपवायला. ज्या धर्मात जात नाही, त्याच्या दफनभूमीत भिंत कशाला लागते, याचं उत्तर दोघांनीही द्यावं.

जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना. तिथली गुलामी आणि इथली जात एकत्र पाहण्याची नजर त्यांनी आपल्याला दिली. त्या नजरेने पाहिलं तर समेटाची पहिली अट साधी आहे. अटी बाहेर काढलेल्यांनी लिहाव्यात, बाहेर काढणाऱ्यांनी त्यावर सही करावी. आणि भिंतीला रंग देण्यापेक्षा ती पाडावी.